उन्हाचं इंधन आणि मधला कोयता

गेल्या दिवाळीत आईला गाडीवर मागे बसवून बीडला निघालो होतो. नेकनूरहून निघालं की मांजरसुंब्याला हायवे लागतो, तिथे पेट्रोल भरायला थांबलो. आई दुसरीपर्यंत शिकलेली, पण आकडे तिला पक्के कळतात. पंपावर चिकटवलेल्या कागदाकडे बघून तिने विचारलं, "ई आन् वीस, म्हंजी काय रं?"

"माय, पेट्रोलमधी वीस टक्के इथेनॉल असतंय. उसापासून करतेत."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मंग आपणच तोडलेला आसंल की."

हायवेवरून ट्रॅक्टर चालले होते. ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या, भांडी, सरपण, कोंबड्या आणि त्या सगळ्यावर बसलेली पोरंबाळं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमचा अर्धा जिल्हा असाच रस्त्यावर असतो. सांगली, कोल्हापूर, नगर, सोलापूर, कर्नाटक, जिथे मुकादम नेईल तिथे. माझे आईवडील वीसेक वर्षं असेच गेले. मी आजीजवळ नेकनूरला राहिलो, म्हणून शिकलो.

आज मी पुण्यात एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. दरवर्षी एक तास मी एका स्वप्नावर खर्च करतो : ऊन आणि कार्बन डायऑक्साइड या दोनच गोष्टी घेऊन थेट इंधन तयार करणारे, जनुकं बदललेले सूक्ष्मजीव. शेत नको, ऊस नको, कारखाना नको. मुलांना हा तास आवडतो. आईच्या त्या वाक्यानंतर मात्र मला जाणवलं की या स्वप्नाचा इतिहास मी आजवर अर्धाच सांगत आलो आहे.

बोधन ते मांजरसुंबा

ऊन आणि कर्बवायूपासून सूक्ष्मजीवांच्या मदतीने इंधन ही गोष्ट भविष्यातली नाही. मांजरसुंब्याच्या पंपावर ती आजही मिळते. ऊस उन्हाच्या जोरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि साखर करतो. यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं. फक्त एक जीव ऊन पकडतो आणि दुसरा इंधन करतो. त्या दोघांच्या मध्ये जमीन, पाणी, कोयता, बैलगाडी, गाळप आणि बॉयलर उभे असतात.

ही वाट आपल्याकडे बरीच जुनी आहे. बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याच संस्थानात, निजामाबादजवळ बोधनला, १९३७-३८ मध्ये निजाम शुगर फॅक्टरी उभी राहिली आणि तिच्या जोडीला मळीपासून 'पॉवर अल्कोहोल' करण्याचा कारखाना आला. महायुद्धाच्या काळात पेट्रोलची टंचाई होती, त्यामुळे मोटारीत अल्कोहोल मिसळण्याच्या कल्पनेला जोर आला. १९४८ साली केंद्राने इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट केला. पुढे स्वस्त तेल आलं आणि हा कायदा कागदावर पडून राहिला. २००० साली तो रद्द झाला. गंमत अशी की तीनच वर्षांनी, जानेवारी २००३ मध्ये, नऊ राज्यांत पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली आणि त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र होता. वीस टक्क्यांचं उद्दिष्ट आधी २०३० सालचं होतं, ते अलीकडे ओढून २०२५ मध्ये गाठलं गेलं.

या वाटेचा खर्च आता सरकारी कागदातही दिसतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात एक टन उसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल धरलं आहे, आणि एक लिटर इथेनॉलमागे शेताला लागणारं पाणी सुमारे २,८६० लिटर. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंडे रांगेत लावतात, तिथल्या माणसाला हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी पडल्यावर सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला अचानक मनाई केली. आठवड्याभरात ती थोडी सैल केली, पण ही वाट पावसाच्या किती ताब्यात आहे ते सगळ्यांना दिसलं. आज देशातलं निम्म्याहून अधिक इथेनॉल मका-तांदळासारख्या धान्यापासून येतं, त्याचं हेही एक कारण.

ऊन तरी किती वापरलं जातं? मी एकदा वहीवर ढोबळ हिशोब केला. एकरी ३५ टन ऊस धरला तर साधारण अडीच हजार लिटर इथेनॉल होतं. त्या एकरावर वर्षभरात पडलेल्या उन्हाच्या ऊर्जेपैकी इथेनॉलमध्ये उतरते ती पाव टक्क्याहूनही कमी. बाकीचं ऊन उसाच्या जगण्यात, पानांत, मुळांत, आणि मोठा भाग तर तसाच वाया.

म्हणजे मधले सगळे टप्पे गाळून टाकावेत असं शास्त्रज्ञांना वाटलं, यात नवल नव्हतं.

काचेच्या नळ्या

हे स्वप्न नीट शब्दांत मांडणारा पहिला मोठा माणूस इटालियन होता. बोलोन्याचे रसायनशास्त्रज्ञ जाकोमो चामिचान यांनी १९१२ साली न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत भविष्यातल्या प्रकाशरसायनावर भाषण केलं. कोळसा म्हणजे साठवलेलं जुनं ऊन आहे आणि ते संपणार आहे, हा त्यांचा मुद्दा. जिथे काही पिकत नाही अशा रखरखीत प्रदेशात काचेच्या नळ्यांची जंगलं उभी राहतील आणि वनस्पतींना आजवर जमलेलं गुपित माणूस त्या नळ्यांत वापरेल, असं चित्र त्यांनी रंगवलं. धूर नाही, काजळी नाही. त्या चित्रात मजूरही दिसत नाही.

ते गुपित उलगडायला चाळीस वर्षं गेली. कॅलिफोर्नियात बर्कलीला मेल्विन कॅल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी कार्बन शेवाळाला खाऊ घातला, आणि तो पेशीत कुठून कुठे जातो ते टप्प्याटप्प्याने शोधलं. १९६१ चं नोबेल त्यासाठी मिळालं. १९७३ च्या तेलसंकटानंतर याच कॅल्विन यांनी चिकाच्या झाडांपासून पेट्रोल काढायचा ध्यास घेतला. त्यांनी लावून पाहिलेल्या झाडांत एक आपला शेरही होता, बीड जिल्ह्यात बांधावर कुंपण म्हणून लावतात तोच. त्यातून पेट्रोल काही परवडलं नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ पासून शेवाळापासून तेल काढण्याचा मोठा कार्यक्रम चालवला, तो १९९६ मध्ये बंद केला. तेल तेव्हा स्वस्त होतं.

तोवर जनुकं इकडून तिकडे हलवण्याचं तंत्र हाताशी आलं होतं. १९९९ साली टोरांटो विद्यापीठातल्या मिंग-डे डेंग आणि जॉन कोलमन यांनी एक छोटा, पण निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी सिनेकोकॉकस नावाचा नीलहरित जीवाणू घेतला. हा साध्या पाण्यात, उन्हावर आणि कर्बवायूवर जगतो. त्यात त्यांनी झायमोमोनस या दुसऱ्या जीवाणूची दोन जनुकं घातली. झायमोमोनस साखरेचं अल्कोहोल करण्यात पटाईत. आता एकाच पेशीत ऊन पकडणं आणि अल्कोहोल करणं, दोन्ही कामं आली. ऊस आणि यीस्ट एकाच बुडबुड्यात.

तो शोधनिबंध मी एम.एस्सी.ला असताना झेरॉक्स करून वाचला. निघालेलं अल्कोहोल अगदीच थोडं होतं. पण मला आठवतं, त्या रात्री मी वसतिगृहाच्या गच्चीवर बसलो होतो आणि डोक्यात एकच विचार होता : आता आईला जावं लागणार नाही.

पेशीने सोडलेलं काम

पुढची दहा-पंधरा वर्षं पैशाची होती. अमेरिकेत २००६ मध्ये अल्जेनॉल आणि २००७ मध्ये जूल नावाची कंपनी निघाली. जूलचा दावा एकरी वर्षाला २५,००० गॅलन, म्हणजे सुमारे ९५,००० लिटर इथेनॉलचा होता, आपल्या उसाच्या जवळजवळ चाळीस पट. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात हॉब्ज गावी त्यांनी प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला. चामिचान यांच्या नळ्या अखेर रखरखीत जमिनीवर आल्या होत्या. अल्जेनॉल तर आपल्याकडेही पोचली. जानेवारी २०१५ मध्ये तिने आणि रिलायन्सने जामनगरच्या तेलशुद्धीकरण कारखान्याजवळ शेवाळ-इंधनाचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केल्याचं जाहीर केलं. बातमी वाचून मी वर्गात पेढे वाटले होते.

जूल २०१७ मध्ये बंद पडली. अल्जेनॉलचे संस्थापक २०१५ च्या अखेरीस पायउतार झाले आणि कंपनी इंधन सोडून शेवाळाच्या इतर उत्पादनांकडे वळली.

असं का झालं? सोपं कारण तेलाच्या भावाचं. २०१४ च्या उन्हाळ्यात पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेलं तेल जानेवारी २०१५ पर्यंत पन्नासच्या खाली आलं होतं. दुसरं कारण कर्बवायूचं. हवेत तो असतो ०.०४ टक्के, तेवढ्यावर पेशी जोमाने वाढत नाहीत. तो कुठून तरी दाट स्वरूपात आणून पाण्यात सोडावा लागतो. पाणी सतत घुसळावं लागतं, नाहीतर वरच्या पेशींना नको इतकं ऊन आणि खालच्यांना अंधार. तयार झालेलं अल्कोहोल इतकं पातळ असतं की ते वेगळं करण्यातच निम्मी कमाई जाते. उघड्या तळ्यात भलतेच जीव घुसतात, बंद नळ्या महाग पडतात. ऊन फुकट असलं तरी ते गोळा करणारी काच फुकट नसते.

पण मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेलं कारण वेगळं आहे, आणि ते कंपन्या निघण्याआधीच कागदावर आलं होतं. जपानमध्ये ताकाहामा आणि सहकाऱ्यांनी त्याच सिनेकोकॉकसमध्ये इथिलीन वायू तयार करणारं जनुक बसवलं होतं. त्यांचा निबंध २००३ सालचा. पेशी इथिलीन करू लागल्या, पण त्या पिवळट पडल्या, हळू वाढू लागल्या. आणि काही पिढ्यांत इथिलीन कमी होत गेलं. तपासलं तर त्या बसवलेल्या जनुकाच्या अक्षरमालेत बारीकशी भर पडून ते निकामी झालं होतं. हे कुणी मुद्दाम केलं नव्हतं. लाखो पेशींत एखादीत अशी चूक आपोआप होते. ज्या पेशीत ती होते, तिच्यावरचं ओझं उतरतं, ती भरभर वाढते, आणि थोड्याच दिवसांत सगळी बाटली तिच्या लेकरांनी भरते. पकडलेला कार्बन स्वतःसाठी ठेवणाऱ्या पेशी, मालकासाठी बाहेर सोडणाऱ्या पेशींना मागे टाकतात.

हे मी वर्गात 'जनुकीय अस्थिरता' म्हणून शिकवतो. घरी आईला सांगितलं तेव्हा ती हसली. "त्यास्नी उचल दिलेली नसंल," म्हणाली.

उचल म्हणजे काय ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हंगामाच्या आधी मुकादम नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, आगाऊ पैसे देतो. ते लग्नात, दवाखान्यात, पेरणीत आधीच संपतात. मग पाच-सहा महिने ते फेडायचे. पहाटे चारला फडात, थंडीत, पाचटाने हात चिरलेले. आजारी पडलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापलेले. माझा धाकटा भाऊ कोपीत जन्मला आणि आई नवव्या दिवशी मोळ्या बांधायला उभी राहिली. अंगावरचं ओझं असह्य झालं तरी ती फड सोडून निघू शकत नव्हती. पेशी निघू शकते.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी झाली. सुमारे ८२ हजार बायांची पाहणी केली, त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायांची पिशवी काढलेली निघाली. कारणांवर वाद झाले. पाळीत, दुखण्यात खाडा परवडत नाही, हे कारण आमच्या गल्लीत कुणी वादाचं मानलं नाही.

पवईचं पाणी

निराश होऊन हा विषय सोडायच्या बेतात होतो, तेव्हा २०१८ साली मुंबईतून एक बातमी आली. आयआयटी मुंबईचे प्रा. प्रमोद वांगीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा सिनेकोकॉकस शोधला होता. त्याचं नाव पीसीसी ११८०१. तो सापडला त्यांच्या अंगणातच, पवई तलावात.

पवई तलाव १८९१ चा, मुंबईला पाणी पुरवावं म्हणून बांधलेला. पाणी पिण्याजोगं राहिलं नाही म्हणून तो बेत सुटला. आज जलपर्णी आणि सांडपाण्यासाठीच त्याचं नाव निघतं. अशाच दुर्लक्षित पाण्यात हा जीव मिळाला. याचा एक अमेरिकी भाऊबंदही १९५५ साली टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या विद्यापीठातून वाहणाऱ्या वॉलर क्रीक नावाच्या ओढ्यात मिळाला होता. पवईच्या पेशीचं वैशिष्ट्य असं की नुसत्या हवेतल्या कर्बवायूवर ती २.३ तासांत दुप्पट होते. त्या परिस्थितीत तोवर नोंदलेल्या नीलहरित जीवाणूंत हा सर्वांत जास्त वेग होता. तिला कडक ऊन, उष्णता आणि खारेपणा सोसतो, आणि बाहेरचं जनुक ती सहज आत घेते. २०२० मध्ये याच पेशीकडून सक्सिनिक आम्ल आणि इथिलीन करवून घेतल्याचे निबंध आले. इंधनापर्यंतचा रस्ता अजून लांब आहे, पण पाया आपल्या मातीतला, म्हणजे पाण्यातला आहे.

मी एका रविवारी मुद्दाम पवईला जाऊन तलावाच्या काठी उभा राहिलो. हिरवट पाणी, त्यात तरंगणाऱ्या पिशव्या. ओंजळभर पाण्यात उसाच्या अख्ख्या फडाचं काम शिकू शकणारे जीव आहेत, हे मनाला पटवायला वेळ लागला.

हे तंत्र उद्या यशस्वी झालं तर कुठे उभं राहील? त्याला भरपूर ऊन लागेल आणि दाट कर्बवायू लागेल. यीस्ट जेव्हा साखरेचं अल्कोहोल करतं तेव्हा साखरेतल्या दर सहा कार्बनपैकी चार अल्कोहोलमध्ये जातात आणि दोन कर्बवायू होऊन उडून जातात. म्हणजे इथेनॉलच्या प्रत्येक कारखान्याच्या टाकीतून जवळजवळ शुद्ध कर्बवायू बाहेर पडतो. ऊन तर मराठवाड्यात मोजायलाही नको. काचेच्या नळ्यांचं पहिलं जंगल साखर कारखान्याच्या कुंपणाला लागूनच उभं राहण्याची शक्यता मोठी आहे. माझ्या आईच्या कामाची जागा घेणारी पेशी बहुधा ती जिथे मोळ्या उतरवायची, तिथूनच चार पावलांवर काम करेल.

रुपयाचा हिशोब

त्या रात्री बीडहून परत आल्यावर आईने पुन्हा विचारलं, "त्या पेट्रोलमधी आपलं किती?"

मी वही काढली. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली. टनाला २७३ रुपयांचे सुमारे ३६६ झाले. एका टनाचं ७० लिटर इथेनॉल धरलं तर लिटरमागे तोडणीचे सव्वापाच रुपये. त्या वेळी उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला तेल कंपन्या लिटरला ६५ रुपये ६१ पैसे देत होत्या. एक लिटर ई२० पेट्रोलमध्ये इथेनॉल पाव लिटरहूनही कमी, २०० मिली. ते सगळं उसाच्या रसाचं आहे असं धरलं, तर पंपावरच्या एका लिटरमागे तोडणाऱ्याच्या वाट्याला येतो एक रुपया. मुकादमाचं कमिशन वेगळं.

"रुपाया?" आई म्हणाली. "आन् लिटर कितीला?"

"शंभराच्या वर."

ती काही बोलली नाही. उठून जनावरांना वैरण टाकायला गेली.

१९१२ पासून आजपर्यंत या कल्पनेच्या प्रत्येक मांडणीत ऊन फुकट धरलेलं आहे. मधे राबणारा जीव कुठे हिशोबातच नाही, कुठे नाममात्र धरलेला. काचेच्या नळीत तो जीव पेशी होता. तिला परवडेना म्हणून तिने काम सोडलं, आणि मोठमोठ्या प्रयोगशाळांना तिचा हिशोब करावा लागला. आज जनुकशास्त्रज्ञ तिच्यावरचं ओझं कसं कमी करायचं, तिचं जगणं आणि इंधनाचं काम एकमेकांत कसं गुंफायचं, यावरच सगळी बुद्धी खर्च करताहेत. काम टिकवायचं तर राबणाऱ्याला जगू द्यावं लागतं, एवढं साधं सूत्र त्यांनी पेशीकडून शिकलं. उसाच्या फडात ते सूत्र शिकायची वेळ कुणावर आली नाही, कारण तिथे उचल होती.

वसतिगृहाच्या गच्चीवरचा तो मुलगा चुकला होता असं मी म्हणणार नाही. कोयता सुटावा हे आजही वाटतं. पण तो यंत्राने सुटतो की पेशीने, यापेक्षा सुटल्यावर त्या हातांना काय मिळतं, हे आधी ठरायला हवं. ऊस तोडणारी हार्वेस्टर यंत्रं फडात आलीच आहेत. ती आली तेव्हा नेकनूरला कुणी विचारायला आलं नव्हतं. पवईची पेशी इंधन करू लागेल तेव्हा तरी तो प्रश्न कुणी विचारावा, म्हणून यंदापासून माझ्या त्या तासाची सुरुवात मी बदलली आहे. फळ्यावर आता आधी ऊन, कर्बवायू आणि पेशी लिहीत नाही. आधी एक रुपया लिहितो, आणि मुलांना विचारतो, हा कुणाचा.